लिंदानीचा खुळखुळा

१. पुसलेल्या फळ्या

सोमवारी सकाळी म्लांबो साखर कारखान्याच्या दवाखान्यातलं औषधांचं कपाट उघडलं, तेव्हा आत पुसून लख्ख केलेल्या फळ्यांशिवाय काही नव्हतं. शुक्रवारी त्याच फळ्यांवर क्वाशोबा गावाच्या गोळ्या रचून ठेवल्या होत्या. एचआयव्हीच्या गोळ्या, सगळ्या गावाला पुढचा हंगामभर पुरतील एवढ्या. कुलूप शाबूत, खिडकीचे गज शाबूत, गोळ्या तेवढ्या गायब.

"कोणी मेलं नाही म्हणून ही साधी चोरी समजू नकोस," नर्स मा बियेला मला म्हणाली. "हा खून आहे. फक्त मढी यायला वेळ लागेल."

मी बोंगेकिले. कारखान्याच्या काट्यावर बसते, उसाच्या ट्रकांची वजनं घेते. त्या सकाळी मी डोकेदुखीची गोळी घ्यायला दवाखान्यात आले होते. काट्यावरच्या धुळीने माझं डोकं सारखं दुखतं, असं मी सगळ्यांना सांगते.

आम्हा कायम कामगारांच्या गोळ्या ज्याच्या त्याच्या नावाच्या बंद पाकिटात थेट डर्बनहून येतात. पण ऊस तोडणारे हंगामी. त्यांचं नाव कारखान्याच्या पटावर नाही, घाम मात्र कारखान्याचा. ते आणि त्यांची बायकापोरं क्वाशोबात राहतात, आणि त्यांच्यासाठी हे कपाट. या कपाटापायी कारखान्याला बक्षीस मिळालंय, गेटावर त्याचा फोटो लावलाय. त्याआधी क्वाशोबात दर शनिवारी माती असायची. एका शनिवारी दोन दोन ठिकाणी जावं लागे, आणि कुठे आधी जायचं यावरून नवराबायकोची भांडणं होत. माझी बहीण थोको क्वाशोबातच राहते. तिच्या गोळ्या या आठवड्याच्या शेवटी संपणार होत्या.

दुपारच्या जेवणाला पर्सोनेलचे पेल्यूसाहेब कॅन्टीनमध्ये आले, हातात एक लाल टी-शर्ट घेऊन. त्यात गुंडाळलेल्या दोन पांढऱ्या बाटल्या त्यांनी टेबलावर ठेवल्या.

"कपडे बदलायच्या खोलीत, लिंदानी शेझीच्या लॉकरमध्ये सापडल्या," साहेब म्हणाले. "सील तोडलेलं, अर्ध्या गोळ्या गेलेल्या. डर्बनच्या गल्ल्यांत पोरं या गोळ्या कुटून ओढतात, हे सगळ्यांना माहीत आहे. बाकीच्या कुठे गेल्या ते सांगायला नको."

कॅन्टीन चिडीचूप झालं. लाल टी-शर्ट म्हणजे 'सोबती'. कामावरच्या आजारी माणसांना धीर द्यायचा, तपासणीला न्यायचं, हे काम कामगारांतलेच काहीजण करतात, आणि लिंदानी त्यांतला पहिला. तो उभा राहिला.

मा बियेला पुढे झाली. तिने एक बाटली कानाशी नेली आणि हलवली. बाहेर ऊस आत ओढणाऱ्या गव्हाणीची घरघर तेवढी ऐकू येत होती. मग झाकण काढून आत डोकावली, झाकण लावलं, बाटली जागेवर ठेवली. साठीला टेकलेली ही बाई, सरकारी इस्पितळात आयुष्य घालवलेली, कोणाच्या बापाला न भिणारी. पण तिचा चेहरा असा मिटला की मला धडकीच भरली.

"शुक्रवारी चौकशी," पेल्यूसाहेब म्हणाले. "आणि तोवर क्वाशोबाचं वाटप बंद. कदाचित कायमचं."

२. तीन किल्ल्या

"काट्यावर रजा टाक," मा बियेलाने मला बजावलं. "मी एकटी हिंडले तर लोक नर्स आली म्हणून गप्प बसतात. तू असलीस की बोलतील."

"पण मा, तुम्हाला काय वाटतं, लिंदानीने…"

"मला काय वाटतं ते विचारू नकोस. मला जे वाटतं त्याला कुलूप आहे."

तेव्हा मला ते नुसतं चिडून बोलणं वाटलं.

दवाखान्याच्या ओसरीवर, पायरीला लागून, आग विझवायच्या वाळूची लांबरुंद लाल पेटी आहे. मी तिच्यावर बसकण मारली. झाकण डुगडुगलं, नीट बसलेलं नव्हतं. आमच्या इथे नीट असं काय आहे, म्हणून मी तशीच बसले. कारखान्याचा स्टोअरकीपर प्रेगलन नायडू समोर पायरीवर पावात भरलेली बीन्सची रस्साभाजी खात होता.

"कपाटाच्या किल्ल्या तीन," नायडू बोटं चाटत म्हणाला. "एक माच्या गळ्यात. एक माझ्या स्टोअरमध्ये, कारण माल मी लावतो. तिसरी बॉयलर हाऊसमध्ये खुमालोकडे, कारण आग लागली तर सगळी कुलपं उघडायचा अधिकार त्याला. पेल्यूसाहेबाला किल्ली नाही. तसा नियमच आहे, कोणाला काय आजार ते साहेबलोकांना कळू नये म्हणून."

"आणि तुझी किल्ली?" मा बियेलाने विचारलं.

"शनिवार-रविवार पोरीच्या लग्नाला पीटरमॅरित्झबर्गला होतो. किल्ली माझ्या खिशात, मी मांडवात. हवं तर चारशे पाहुण्यांना विचार. अर्धे माझ्यावर रुसलेत, ते खोटं कशाला बोलतील?"

"शुक्रवारी तू बाटल्या लावल्यास. कशा होत्या?"

"कंपनीतून येतात तशा. वर चांदीचा कागद चिकटवलेला, आत गोळ्या, बाकी काही नाही. दहा वर्षं तेच बघतोय." तो थांबला. "मा, लिंदानी पोरगा चोर नाही गं. चोराने लपवायला स्वतःच्याच नावाचा लॉकर निवडला? आणि वर आपल्याच शर्टात गुंडाळून? एवढा बावळट चोर असता तर आमच्या स्टोअरमध्ये एकही स्क्रू कमी झाला नसता."

"मग किल्लीने उघडलं कोणी?"

नायडूने बॉयलरच्या धुरांड्याकडे पाहिलं, आणि लगेच आपल्या पावाकडे.

"मी काही बोललो नाही हं," तो म्हणाला.

३. बॉयलरवरचा माणूस

मुझी खुमालो म्हणजे बॉयलरचा फोरमन, युनियनचा पुढारी, आणि रविवारी पांढरा झगा घालून चर्चमध्ये सगळ्यात पुढे बसणारा वडीलधारा. त्याला नावाने कोणी हाक मारत नाही. आमच्यात मान द्यायचा तर कुळाच्या नावाने हाक मारतात, म्हणून सगळे त्याला 'मन्तुंग्वा' म्हणतात.

बाकी मला तो कधीच आवडला नव्हता. लाल टी-शर्टवाल्यांना तो 'कंडोमचे पाद्री' म्हणायचा. लिंदानी चहाच्या सुट्टीत आला की हा पाठ फिरवून बसायचा. पूर्वी बॉयलरच्या तोंडाशी उभा राहून घाम गाळणारा माणूस, पण उन्हाळ्यापासून खुर्चीवर बसून वाफेच्या दाबाचे काटे वाचायचं हलकं काम त्याच्याकडे आलं होतं. आम्हाला वाटलं, युनियनचा पुढारी, साहेबांनी खूश ठेवलाय.

"किल्ली जागेवर आहे," मा बियेलाने काही विचारायच्या आत तो म्हणाला. भिंतीवरच्या काचेच्या पेटीत ती खरंच होती.

"मन्तुंग्वा, मी किल्लीचं नाही विचारत. लिंदानीने चोरी केली असं तुला वाटतं का?"

"मला वाटून काय उपयोग?" तो दाबाच्या काट्याकडे बघत होता. आत भट्टीत चिपाडं भडभड जळत होती. मग त्याने विचारलं, "मा, क्वाशोबात कोणाच्या गोळ्या आधी संपतील?"

"का रे?"

"असंच."

"माझ्या बहिणीच्या," मी तडकून म्हणाले. "शनिवारी. मग सरकारी इस्पितळ. टॅक्सी दोनदा बदलायची, तिथे रांग, आणि रांगेच्या टोकाला 'पुढच्या आठवड्यात या'. तोवर डर्बनच्या पोरांनी ओढून संपवल्या असतील!"

खुमालोचा चेहरा बदलला. "ओढल्या नाहीत कोणी. गोळ्या सुखरूप असतील, पोरी."

"तुम्हाला काय माहीत?"

"देवावर विश्वास ठेव," तो म्हणाला आणि उठून गेला.

बाहेर आल्यावर मी फणफणले. "बघितलंत? याला माहीत आहे! मा, सांगा ना पेल्यूसाहेबाला!"

मा बियेला इतक्या जोरात वळली की मी दोन पावलं मागे सरले. "काय सांगू? एक माणूस देवाचं नाव घेतो म्हणून? चौकशीत पुरावा लागतो. आणि पुरावा माझ्याकडे असला, तरी तो माझा नाही."

पुरावा आहे पण तिचा नाही, म्हणजे काय?

४. भिंतीवरचं वचन

पेल्यूसाहेबांच्या खोलीत एसी होता आणि भिंतीवर मोठा फलक. त्यावर दोन हात, हातांत एक कुलूप, खाली झुलू भाषेत ठळक अक्षरांत लिहिलेलं: 'तुमचं गुपित आमच्याकडे सुरक्षित. आजाराबद्दल मोकळेपणाने सांगा. काम जाणार नाही, कामात मदत मिळेल.'

"सिस्टर, मला पोरगा आवडतो," साहेब म्हणाले. "पण तो तुमच्याकडे मदतीला येतो. तुमची पर्स उघडीच असते. किल्ली घेतली, परत ठेवली. सोपं आहे."

"माझी किल्ली पर्समध्ये नसते. गळ्यात असते. आंघोळीलाही."

"मग तुम्हीच घेतल्या असं म्हणायचं का मी?"

उचलली जीभ लावली टाळ्याला. माझ्या कानशिलात आग झाली. मा बियेलाने खुर्ची पुढे ओढली.

"एक सांगा साहेब. क्वाशोबाचं वाटप बंद करायचं, हे चोरीनंतर ठरलं की आधी?"

"अशा योजना कायम चालत नसतात. पण बक्षीस मिळालेली योजना उगाच बंद केली तर पेपरवाले ओरडतात. आता निदान कारण आहे." स्वतःचंच वाक्य त्यांना आवडलं असावं, कारण ते हसले. "आणि सिस्टर, कामगारांचं सगळं तुम्हालाच कळतं असा गैरसमज नको. माझं दारही उघडं असतं. लोक येतात. मनातलं सांगतात."

"कोण येतं?"

"ते सांगितलं तर या फलकाला काय अर्थ?"

जिना उतरताना मा बियेला मधल्याच पायरीवर थांबली.

"कुंपणच शेत खातंय," ती दातओठ खात म्हणाली. "हे मला आधीच कळायला हवं होतं. हात कोणाचे ते मला सोमवारीच कळलं होतं. डोकं कोणाचं ते आत्ता कळलं."

"सोमवारीच? मग माणूस कोण ते सांगा ना!"

"नाही."

"लिंदानीची नोकरी जाईल!"

"माहीत आहे."

"थोको मरेल!"

"माहीत आहे, बोंगेकिले!" ती ओरडली, आणि लेखाविभागाच्या खिडक्यांतून डोकी बाहेर आली. तिने आवाज खाली आणला. "बंद दाराआड माणूस मला जे सांगतो, ते मी एकदा जरी बाहेर काढलं, तरी उद्यापासून माझ्या दारात कुत्रंसुद्धा येणार नाही. सगळे घरी जाऊन गपचूप मरतील, पूर्वीसारखे. एका लिंदानीला वाचवायला मी ते करू? सांग तूच."

मला तिचा राग आला आणि तिची दयाही आली.

५. वेळ झाली

गुरुवारी दुपारी मी क्वाशोबाला गेले. थोकोच्या अंगणात लिंदानी बसला होता. निलंबित केलेला, लाल शर्ट काढून घेतलेला, तरी घरोघर फिरत होता. थोकोने आम्हाला महेवूचे मग दिले. आंबवलेल्या मक्याचं ते पेय मी दोन घोट प्याले.

"माझ्या गोळ्यांतल्या अर्ध्या मी तुला…" मी थोकोच्या कानात पुटपुटले. माझ्याबद्दल जगात दोघींनाच माहीत होतं, थोकोला आणि मा बियेलाला.

"अर्धं औषध म्हणजे आजाराला खुराक," थोको कुजबुजली. "आपण दोघींनी जायचं का मग? पोरांकडे कोण बघणार?"

तेवढ्यात लिंदानीने खिशातून आपली बाटली काढली आणि डोक्यावर धरून खळखळ वाजवली. "चला गं आयाबायांनो! जगायची वेळ झाली!"

हा त्याचा रोजचा खेळ. कॅन्टीनमध्ये चहाच्या सुट्टीत तो असाच वाजवायचा. पहिल्यांदा वाजवली तेव्हा लोकांनी टेबलं बदलली. त्या आवाजाला आमच्याकडे सगळे भितात. टॅक्सीत कोणाच्या पिशवीत बाटली खुळखुळली की शेजारचा माणूस सरकून बसतो. लिंदानीने मुद्दाम त्याचाच खुळखुळा केला. 'आवाज माझा आहे, लाज तुमची तुम्ही सांभाळा,' म्हणायचा.

आजही तो हसत होता. शेजारच्या अंगणातून एक म्हातारी ओरडली, "वाजव रे बाळा, माझं घड्याळ बंद पडलंय!"

आणि माझ्या हातातला मग तसाच राहिला.

सोमवारी मा बियेलाने बाटली कानाशी धरून हलवली होती. मी चार हातांवर उभी होते. कॅन्टीन चिडीचूप होतं. आणि मी ऐकली होती ती गव्हाण. फक्त गव्हाण.

बाटली वाजली नव्हती.

मी पर्स उचलून घराच्या मागे गेले. पर्सच्या तळाशी रुमालात बांधलेली माझी बाटली होती. मी ती हलवली. आवाज नाही. झाकण काढून आतली गॉजची पट्टी ओढली. नागमोडी घड्या घातलेली, एकेका घडीत गोळ्या निजवलेल्या. चार वर्षांपूर्वी मा बियेलाने दार बंद करून, पडदा ओढून मला ही घडी शिकवली होती. 'ज्यांना अजून भीती वाटते त्यांच्यासाठी ही,' ती म्हणाली होती. 'भीती गेली की काढून टाक.' माझी गेली नव्हती. बाटली हातात आली की माझी बोटं आपोआप ती घडी घालतात, जसं दार ओढलं की हात आपोआप कडी लावतो.

आता मला सगळं कळलं. तिला काय कळलं होतं, ती का बोलत नव्हती, आणि कोणाला बोलता येणार होतं, तेही.

मी तिथेच बसून रडले. भीतीने नाही, संतापाने. या एवढ्या मोठ्या कारखान्यात ते सांगायला दुसरं कोणी सापडू नये?

६. चौकशी

शुक्रवारी चौकशी कॅन्टीनमध्येच भरली. एका टेबलामागे पेल्यूसाहेब, शेजारी युनियनतर्फे खुमालो. समोर लिंदानी. मागे जेवढे कामगार मावतील तेवढे, बाकीचे खिडक्यांना लटकलेले. त्यांच्यामागे क्वाशोबाच्या बायका, पाठीवर पोरं बांधून. टेबलावर त्या दोन बाटल्या.

"आरोपीच्या बाजूने कोणी बोलणार आहे?" साहेबांनी घड्याळ बघत विचारलं.

"मी," मी म्हणाले. मी पुढे जाऊन टेबलावरची एक बाटली उचलली आणि जोरात हलवली.

आवाज आला नाही. खिडकीतल्या एका पोराने तोंडाचा आ केला.

"लिंदानीची बाटली कशी असते ते सगळ्यांना माहीत आहे," मी म्हणाले. "ही मुकी आहे." मी झाकण काढलं आणि गॉजची पट्टी बाहेर ओढली. गोळ्या घड्यांतून टेबलावर टपटप पडल्या. "नायडू, शुक्रवारी ही पट्टी आत होती?"

"छे! सीलबंद माल तो. पट्टी मागाहून घातलेली."

"म्हणजे चोराने घातली. का घातली? ओढणाऱ्या पोरांना विकायच्या असत्या तर कागदाच्या पुड्या बांधल्या असत्या. ज्याने आयुष्यात ही गोळी घेतली नाही, त्याने बाटली आहे तशीच शर्टात कोंबली असती. एवढ्या नाजूक हाताने गोळ्या कोण निजवतो?"

"मुद्द्यावर ये," साहेब म्हणाले.

"आलेच, साहेब." मी पर्स उघडली. रुमालाची गाठ सुटेना, शेवटी दातांनी सोडवली. माझी बाटली त्या बाटलीशेजारी ठेवली, झाकण काढलं, माझी पट्टी ओढली. तशीच नागमोडी. तीच घडी.

मागे कोणीतरी "हाय देवा" म्हणालं. माझ्या शेजारच्या काट्यावर बसणारी माझी मैत्रीण तोंडावर हात ठेवून माझ्याकडे बघत होती. मी तिच्याकडे पाहिलं नाही, नाहीतर पुढे बोलता आलं नसतं.

"ही घडी मा बियेला बंद दाराआड शिकवते. ज्यांना लोकांची भीती वाटते त्यांनाच. लिंदानीला ती येतसुद्धा नाही. ज्याने बाटल्या लॉकरमध्ये ठेवल्या, तो माझ्यासारखा आहे. सील तोडलं, अर्ध्या गोळ्या काढल्या, आणि बाकीच्या त्याच्या बोटांनी आपसूक निजवल्या. त्याचं त्यालाही कळलं नसेल."

"नाव?" पेल्यूसाहेब पुढे झुकले.

"मी माझं सांगितलं. त्याचं सांगायचा हक्क मला नाही."

"वा! घडी तुला येते. दवाखान्यात तू रोज असतेस. मग चोर दुसरा कशाला शोधायचा?" साहेब खूश झाले. "दोघांना काढू. शेझीला आणि हिला."

मा बियेला उठली, पण तिला बोलता येत नव्हतं. ओठ घट्ट आवळून ती उभी होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आम्हाला माहीत असलेलं सगळं खरं होतं आणि आम्ही हरत होतो.

"बोंगेकिले," साहेबांच्या शेजारून जड आवाज आला. "बस, पोरी."

७. वाळू

खुमालोने कोटाच्या आतल्या खिशातून बाटली काढली. हलवली. आवाज आला नाही. त्याने ती आमच्या बाटल्यांच्या रांगेत ठेवली.

"उन्हाळ्यात गोळ्या सुरू झाल्या तेव्हा मला चक्कर यायची," तो म्हणाला. कॅन्टीनकडे नाही, लिंदानीकडे बघत. "बॉयलरच्या तोंडाशी चक्कर म्हणजे मरण. भिंतीवरचं वचन वाचलं आणि या पेल्यूसाहेबाकडे गेलो. खरं सांगितलं, हलकं काम मागितलं. यानं दिलं. मी चर्चमध्ये याच्यासाठी प्रार्थना केली. आणि मागच्या शुक्रवारी यानं किंमत सांगितली. कपाट रिकामं कर, दोन बाटल्या त्या पोराच्या लॉकरमध्ये ठेव, बाकीच्या भट्टीत टाक. नाहीतर रविवारी तुझ्या चर्चला कळेल, सोमवारी तुझ्या माणसांना."

"खोटं! शुद्ध खोटं!" पेल्यूसाहेब उभे राहिले. "हा चोर आहे, स्वतःच कबूल करतोय!"

"चोर आहेच मी. पण जाळल्या नाहीत." खुमालोचा आवाज पहिल्यांदा फाटला. "भट्टीचं दार उघडलं होतं. पण रोज जी गोळी जिभेवर ठेवून देवाचं नाव घेतो, ती आगीत कशी टाकू? बोंगेकिले, तू जिच्यावर बसून माझा तपास करत होतीस ना, ती वाळूची पेटी उघड."

सगळं कॅन्टीन दवाखान्याच्या ओसरीकडे धावलं. लाल पेटीचं झाकण क्वाशोबाच्या बायकांनीच उचललं. वरची वीतभर वाळू उपसली तशी खाली ताडपत्री लागली, आणि ताडपत्रीत पांढऱ्या बाटल्या, एकीला एक लागून. मा बियेला वाळूत गुडघे टेकून बसली. तिने पहिली बाटली थोकोच्या हातात ठेवली.

खुमालो लिंदानीसमोर येऊन उभा राहिला आणि हात पुढे केला. लिंदानीने तो घेतला नाही.

"मन्तुंग्वा, तुम्ही घाबरलात ते मला समजतं," तो म्हणाला. "पण माझ्या आईला आठवडाभर लोक चोराची आई म्हणाले. हात मिळवायला मला वेळ लागेल."

खुमालोने मान हलवली आणि हात खाली घेतला.

पेल्यूसाहेबांचं काय झालं, असं तुम्ही विचाराल. तुरुंगात गेले असतील असं वाटत असेल तर तुम्ही कधी कारखान्यात नोकरी केलेली नाही. पोलीस आले ते खुमालोसाठी. त्याने गुन्हा कबूल केला, फोरमनकी गेली, शिक्षा स्थगित झाली, आणि तो चिपाडाच्या फावड्यावर परतला. साहेबांविरुद्ध 'एका चोराचा शब्द' एवढंच होतं, म्हणून त्यांची बदली झाली. डर्बनच्या मुख्य कचेरीत, वरच्या जागेवर. क्वाशोबाचं वाटप मात्र सुरू राहिलं, कारण मुख्य कचेरीला आवाज नको होता.

साहेबांचा निरोपसमारंभ कॅन्टीनमध्येच झाला. केक होता. त्यांनी भाषण केलं, विश्वास, कुटुंब, एकमेकांची काळजी असलं काहीबाही बोलले, आणि टाळ्यांसाठी थांबले.

कोणी टाळी वाजवली नाही. मागच्या टेबलावरून लिंदानीने आपली बाटली खळखळ वाजवली. मी माझी काढली. पट्टी मी सकाळीच काढून टाकली होती. मग फावड्यावाल्यांच्या बाकावरून एक आवाज आला, जड हाताचा, आणि तिकडे वळून न बघताही मला कळलं तो कोणाचा. मग काट्यावरची माझी मैत्रीण, तिच्या हातात पेपरमिंटची डबी होती. नायडूने किल्ल्यांचा जुडगा धरला. मग टेबलाटेबलांवरून, खिडक्यांतून, कोणाच्या हातात काय होतं देव जाणे, सगळं कॅन्टीन खळखळायला लागलं.

साहेब काहीतरी बोलत होते, पण ऐकू येत नव्हतं. दारात मा बियेला हाताची घडी घालून उभी होती. साहेब बाहेर पडेपर्यंत आम्ही थांबलो नाही.